आमच्या जिन्यात सरकारची गुंतवणूक

आमच्या इमारतीत सरकारने पैसे गुंतवावेत ही कल्पना मूळ माझी. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण हल्ली तिचे श्रेय घेणारे बरेच निघाले आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य तर खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटलाही ऐकवतात, की लिफ्टचे त्यांच्या डोक्यात फार आधीपासून होते. पेशंटच्या तोंडात तेव्हा आरसा, कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटे असतात. तो बिचारा काय बोलणार!

कल्पना सुचली ती ऑफिसात. मी एका विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या विभागात आहे. दारावरच्या पाटीवर 'दावे तपासणी' असे लिहिले आहे, पण तपासून झाल्यावर आम्ही काय करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी डबा खाता खाता पेपर चाळत होतो. आतल्या पानावर बातमी होती, की सरकारच्या गुंतवणूक निधीने एक नवी खिडकी उघडली आहे. हा निधी म्हणजे सरकारने वर्षानुवर्षे बाजूला टाकलेली पुंजी. ती आजवर मोठमोठ्या कंपन्यांत घातली जायची. आता निधीला सदसद्विवेक सुचला होता. तंबाखू, शस्त्रे, जुगार असल्या धंद्यांतला पैसा काढून घ्यायचा आणि त्यातला काही जबाबदारीने वागणाऱ्या लहान संस्थांमध्ये घालायचा, त्यांनी तो हळूहळू हलक्या व्याजाने फेडायचा, असे ठरले होते. शाळा, दवाखाने आणि 'वृद्ध रहिवासी असलेल्या इमारतींतील सोयी' असे पुढे छापले होते. इथे माझा घास हातातच राहिला.

लिफ्ट! मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी हातातला दावा न वाचताच नाकारला.

आमचे घर चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. आईचा गुडघा गेल्यापासून ती खाली उतरलेली नव्हती. डॉक्टरांकडे न्यायचे झाले तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचे, आणि ती दर वळणावर "अरे, भिंतीला घासताय मला, मी काय कपाट आहे?" म्हणणार. त्यामुळे डॉक्टरच वर यायला लागले आणि आईचे उतरणे संपले. ती दिवसभर गॅलरीत बसायची. वरून बघून बघून सगळी गल्ली तिला टाळूवरून ओळखू यायला लागली होती. "तो बघ, मागून विरळ झालेला, तो पोस्टमन," असे ती सांगायची आणि ते बरोबर असायचे. एकदा मात्र मी तिला चहा द्यायला गेलो, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "अरे, नुसती टाळकी बघून कंटाळले मी. एकदा लोकांची तोंडं बघू दे मला." ते माझ्या मनाला फार लागले होते. म्हणून त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी चारही मजले धावत चढलो आणि दारात पोहोचल्यावर पाच मिनिटे मला काही बोलताच येईना. बायकोने आधी पाणी दिले, मग विचारले, "नोकरी गेली का?"

मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी होतो. 'होतो' का, ते पुढे येईलच. त्याच संध्याकाळी मी सभा बोलावली. आमची सभा जिन्यात भरते, कारण सगळे मावतील अशी खोली कोणाकडेच नाही. जो तो आपापल्या मजल्याच्या पायरीवर बसतो आणि कठड्यातून डोके काढून मत देतो. सगळ्यात खालच्या पायरीवर हरकतकाका. तळमजल्यावर राहायला ते एकटेच, बाकी तिथे पंपाची खोली आणि सायकली. त्यांचे खरे नाव पत्रपेटीवर आहे, पण पोस्टमनसुद्धा ते वापरत नाही.

"मंडळी, आनंदाची बातमी आहे," मी म्हणालो.

"माझी हरकत आहे," खालून आवाज आला.

"अहो काका, अजून मी काही बोललोच नाही."

"म्हणून तर आत्ताच घेतो. नंतर गर्दी होते."

मी निधी, खिडकी, सदसद्विवेक सगळे समजावून सांगितले. मला वाटले, टाळ्या पडतील. पहिल्या मजल्यावरचे खेळण्यांचे दुकानदार म्हणाले, पहिल्या मजल्याला लिफ्ट हवी कशाला, बटण दाबेपर्यंत आपण घरात असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंनी लिफ्टने विजेवर किती भार पडतो ते सांगायला घेतले आणि त्या हिमनगांपर्यंत पोहोचल्या. दंतवैद्यांनी अनुभवाचा सल्ला दिला, की सरकारी काम आहे, तेव्हा अर्जाबरोबर एखाद्या मोठ्या माणसाची ओळख जोडावी. त्यांच्या ओळखीचा मोठा माणूस म्हणजे ज्याची अक्कलदाढ त्यांनी काढली तो.

"सरकारने पैसे घातले म्हणजे उद्या सरकार इथे राहायला येणार," हरकतकाका म्हणाले.

"येऊ दे की," माझी बायको वरून म्हणाली. "निदान जिना झाडून घेईल."

त्यावर सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. माझ्या भाषणाने जे झाले नाही ते बायकोच्या एका वाक्याने झाले, याची मी नोंद घेतली, पण बोललो नाही.

आता अर्ज. अर्ज जाडजूड होता आणि बारीक अक्षरात होता. माझ्यासारख्या माणसाला असा अर्ज दिसला की दुसऱ्याला गुलाबजाम दिसावा तसे होते. त्यात एक कलम होते: 'आपल्या संस्थेतील कोणी सदस्य तंबाखू, मद्य, जुगार वा शस्त्रास्त्रे यांच्याशी संबंधित आहे काय?'

"नाही लिहा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

पण मी 'नाही' असे सहजासहजी लिहिणाऱ्यांतला नाही. बेफिकिरीने लिहिलेल्या 'नाही'वर मी आयुष्यभर माणसे परत पाठवली आहेत. मी पेन घेऊन घरोघर चौकशीला निघालो. दंतवैद्य रविवारी गच्चीवर पत्ते खेळतात आणि डावाला शेंगदाणे लावतात, असे कळले. मी लिहिले, 'जुगार: होय, शेंगदाण्यांपुरता.' वॉचमन सिगारेट ओढतो. 'तंबाखू: होय, रात्रपाळीत.' खेळण्यांचे दुकानदार बंदुका विकतात. मी लिहिले, 'शस्त्रास्त्रे: होय. प्लास्टिकची. पाणी उडवणारी.' अर्ज इतका प्रामाणिक झाला होता, की तो टपालात टाकताना माझा ऊर भरून आला.

उत्तर आले. आमचे प्रकरण निधीच्या शस्त्रास्त्र कक्षाकडे वर्ग करण्यात आले होते. 'नमुन्यासह समक्ष हजर राहावे.'

"मी सांगितलं होतं," बायको म्हणाली. लग्न झाल्यापासून हे वाक्य माझ्या घरात सर्वांत जास्त वापरले गेले आहे.

दुकानदारांनी नमुना आनंदाने दिला. हिरवी, हातभर लांब, मागे पाण्याची टाकी असलेली बंदूक. ती पिशवीत मावेना, नळी बाहेर राहिली. निधीचे ऑफिस म्हणजे काचेची उंच इमारत, दारात गुळगुळीत फरशी आणि यंत्रातून पिशव्या तपासणारा पहारेकरी. त्याने नळीकडे बघितले.

"हे काय आहे?"

"नमुना."

"कसला?"

"शस्त्राचा," मी म्हणालो.

खरे बोलणे ही चांगली सवय असली तरी तिला स्थळकाळाचे भान हवे, हे मला पुढच्या अर्ध्या तासात पटले. मला एका लहान खोलीत बसवण्यात आले. माझे बूट काढून घेण्यात आले. एक मोजा अंगठ्याजवळ फाटलेला होता, त्यामुळे मी पाय खुर्चीखाली दडवून बसलो. ते पाहून पहारेकऱ्याचा संशय आणखी बळावला. इतकी वर्षे लोकांच्या कागदांवर संशय घेणारा मी, माझ्या मोज्यावर कोणी संशय घेत होते. शेवटी शस्त्रास्त्र कक्षाचे प्रमुख आले. मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर तोफा आणि पाणबुड्या यांच्या कागदांवर सह्या केल्या होत्या, पण प्रत्यक्ष शस्त्र त्यांच्या हातात पहिल्यांदाच येत होते. त्यांनी बंदूक उलटसुलट पाहिली, एक डोळा मिटला आणि चाप ओढला.

दुकानदारांनी ती भरून दिली होती. 'चालते हे दिसलं पाहिजे ना,' असे ते नंतर म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी दार उघडून निधीच्या त्या नव्या खिडकीच्या अधिकारी बाई आत आल्या. चष्मा, खांदा आणि हातातली फाईल, तिन्ही भिजले. प्रमुखांनी बंदूक माझ्या हातात दिली. त्यामुळे बाईंनी पाहिले तेव्हा ती माझ्याच हातात होती. मला वाटले, संपले. आईची लिफ्ट या पाण्यात वाहून गेली.

बाईंनी चष्मा पुसला. माझा अर्ज उघडला, कारण भिजलेली फाईल आमचीच होती. वाचता वाचता त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "शेंगदाण्यांपुरता जुगार," त्या म्हणाल्या. "आजवर माझ्याकडे आलेल्या एकाही संस्थेने या कलमात 'होय' लिहिलेलं नाही. तोफा बनवणाऱ्यांनीसुद्धा." मग प्रमुखांकडे वळून त्या म्हणाल्या, "हे प्रकरण माझं." आणि मला, "तपासणीला येते. नोंद घेतली."

मी बूट हातात घेऊनच दारापर्यंत आलो. तसाच नाचलो असतो, पण फरशी गुळगुळीत होती.

तपासणी म्हणजे संपूर्ण इमारत जबाबदार असल्याचे दिसायला हवे होते. कामगारांना रजा हवी, कमिटीवर स्त्रिया हव्यात, कचरा वेगवेगळा हवा आणि तक्रारपेटी हवी. आम्ही कामाला लागलो. वॉचमनला आम्ही समारंभपूर्वक हक्काची रजा दिली. त्याने ती नेमकी तपासणीच्या दिवशी घेतली. भूगोलाच्या बाईंना अध्यक्ष केले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लोकांच्या कचऱ्याच्या पिशव्या दारातच उघडायला लावल्या आणि खेळण्यांच्या दुकानदारांच्या घरी आठवड्यात किती बिस्किटे खाल्ली जातात हे सगळ्यांना कळले. तक्रारपेटी मी स्वतः रंगवली आणि जिन्यात ठोकली. नाव न लिहिता कोणीही कोणाविरुद्ध तक्रार टाकावी, अशी सूचना वर चिकटवली. पेटी रोज जड होत होती, तसा माझा आनंद वाढत होता.

तपासणीच्या दिवशी निधीच्या बाई आल्या, सगळे पाहिले, चार मजले चढल्या आणि आमच्या दारात धापा टाकत उभ्या राहिल्या. गॅलरीतून आई म्हणाली, "ये गं ये. मघाशी गल्लीत दोनदा चुकलीस ना? भांगावरून ओळखलं तुला." बाई गॅलरीत तिच्याशेजारी बसल्या. दोघी बराच वेळ काय बोलत होत्या मला कळले नाही, पण चहा दोनदा गॅलरीत गेला.

तेवढ्यात खालून हाक आली. "वहिनी! तुमची कुंडी पुन्हा गळतेय! माझ्या सदऱ्यावर थेंब पडला!"

"तुम्ही सदरा कुंडीखालीच वाळत घालता, भावोजी! मुद्दाम घालता!" आईने वाकून ओरडून सांगितले.

"पाणी कमी घाला!"

"उजेडाला सांगा कमी पडायला!"

"हे रोज चालतं?" बाईंनी विचारले.

"सकाळ संध्याकाळ," मी शरमून म्हणालो. "माफ करा."

मग पेटी आमच्या घरी आणून कमिटीसमोर उघडली. एकूण एक तक्रारी माझ्याविरुद्ध होत्या. 'सेक्रेटरी जिन्यात मोठ्याने बोलतात.' 'सेक्रेटरी फार उत्साही आहेत, काहीतरी करा.' 'सेक्रेटरींनी माझ्या दाराला पेटीचाच रंग लावला.' आणि एक, जिचे अक्षर मी वाणसामानाच्या यादीवर रोज पाहतो: 'सेक्रेटरी घरीही सेक्रेटरीच असतात.' मी बायकोकडे पाहिले. ती पंख्याकडे बघत होती.

बाई मात्र खूश झाल्या. "तक्रारी आहेत म्हणजे लोक घाबरत नाहीत. चांगले गुण मिळतील," त्या म्हणाल्या. मला ते गुण नको होते, पण आता इलाज नव्हता.

"आता दोन अटी," बाई पुढे म्हणाल्या. "लिफ्टचा सर्वांत मोठा लाभ तुमच्या आईंना. तुम्हीच अर्जदार, तुम्हीच सेक्रेटरी. हे आमच्या नियमात बसत नाही. पद सोडावं लागेल."

ज्या पदासाठी मी इतकी वर्षे गळक्या टाकीखाली उभा राहिलो, त्या पदाचा राजीनामा मी तिथेच चहाच्या बशीखालच्या कागदावर लिहून दिला. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण आई माझ्याकडे बघत होती, आणि त्या वेळी मला माझेच कौतुक वाटले.

"आणि दुसरी?" मी विचारले.

"लिफ्ट अंगणाच्या ज्या कोपऱ्यात येणार, तिथे तळमजल्याची खिडकी आहे. त्यांचा उजेड जाईल आणि त्यांना लाभ मात्र शून्य. आमचा नियम असा आहे, की ज्याला नुसती झळ बसते त्याने मनापासून संमती द्यायला हवी. दबाव नको, आमिष नको. मी पुढच्या सोमवारी येऊन त्यांना स्वतः विचारीन. तोवर तुम्ही त्यांच्याशी या विषयावर बोलायचं नाही. खुणासुद्धा नाहीत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. ज्या माणसाने दिवाबत्तीलाही हरकत घेतली होती, त्याच्या मनापासूनच्या संमतीवर आता आईचे खाली उतरणे अडले होते. आणि मला बोलायला बंदी! मला, ज्याच्याविरुद्ध निम्म्या तक्रारी बोलण्याच्याच होत्या.

पुढचे दिवस कसे गेले ते माझे मला माहीत. काका जिन्यात दिसले की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. इतरांनी मात्र बंदी नाही म्हणून जोर लावला. दंतवैद्य त्यांच्याकडे दात फुकट तपासून द्यायला गेले. काकांनी कवळी काढून त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तपासा, मी बाजारात जाऊन येतो." दुकानदारांनी एक खेळण्यातली आगगाडी नेऊन दिली. काकांनी त्या दोन्ही गोष्टी आमिष म्हणून लिहून तक्रारपेटीत टाकल्या. भूगोलाच्या बाईंनी त्यांना सूर्याची दिशा काढून दाखवली, की खिडकीत तसाही उजेड थोडाच वेळ येतो. काका म्हणाले, "तेवढाच आहे, म्हणून तर मी तिथे बसतो."

शेवटी मी आईला गाठले. "आई, हात जोडतो. सोमवारपर्यंत त्यांच्याशी भांडू नकोस. गोड बोल."

"मला नाही जमणार ते."

"लिफ्टसाठी."

आईने सुस्कारा सोडला. संध्याकाळी खालून हाक आली, "वहिनी! कुंडी!" आई वाकली आणि म्हणाली, "हो का भावोजी? चुकलंच माझं. सांभाळून राहा हं." सदरा हातात धरून काका वर बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रेडिओ मोठ्याने लावला. आई म्हणाली, "छान गाणं आहे." त्यांनी रेडिओ बंद केला. मग कुंडी गळो न गळो, ते अंगणात येऊन उभे राहायचे, वर बघायचे आणि आत जायचे. मला वाटले, आईच्या गोड बोलण्याने माणूस विरघळतो आहे. मी ऑफिसात त्या आठवड्यात दोन दावे मंजूरही केले.

सोमवारी बाई आल्या. सगळी इमारत आपापल्या पायऱ्यांवर. आईला मी खुर्चीसकट जिन्याच्या तोंडाशी आणून बसवले होते. हरकतकाका खालच्या पायरीवर, हात मागे बांधून.

"काका, मोकळेपणाने सांगा," बाई म्हणाल्या.

"माझी हरकत आहे," काका म्हणाले.

मी कठड्याला धरले. वर आईने फक्त पदर सारखा केला. ते मला बघवेना.

"कशाला हरकत?" बाईंनी विचारले.

"वहिनींच्या गोड बोलण्याला. आठवडाभर ही बाई माझ्याशी नीट बोलतेय. मला वाटलं, आजारी पडली. मला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलं, आणि कोणी मला सांगत नाहीय." काकांचा आवाज चढला. "मी दोन रात्री झोपलो नाही. मग कळलं, हा माझ्या संमतीसाठी चाललाय चहाटळपणा! अरे, मला विचारायचं तरी!"

"पण काका, उजेड..." बाई म्हणाल्या.

"घाला उजेड चुलीत! या इमारतीत मी काही बोललो, की सगळे 'हो काका, बरं काका' म्हणतात आणि दार लावून घेतात. ही एकटी बाई मला उत्तर देते. माझी बायको गेल्यापासून हिच्याशिवाय मला उलट बोलणारं कोणी नाही. दोन वर्षं मी मान वर करकरून भांडतोय. डॉक्टर म्हणतात, मणका गेला. खाली आणा तिला. समोरासमोर भांडू. कुठे सही करायची?"

मग वरून आईचा आवाज आला. "भावोजी, आमिष नाही हं. पण सही नीट करा. तुमचं अक्षर वरूनसुद्धा घाण दिसतं."

"तुम्हाला वरून दिसतंच काय, वहिनी!" काका ओरडले आणि सही केली. मी रडत होतो आणि बहुतेक मोठमोठ्याने बोलतही होतो, कारण पेटीत नंतर तशी तक्रार सापडली.

लिफ्ट व्हायला महिने लागले. धूळ, खड्डा, उलटा बसवलेला दरवाजा, चौथ्या मजल्याचे बटण दाबले की तिसऱ्यावर थांबण्याची खोड. ते सगळे सांगायला लागलो तर सेक्रेटरी नसतानाही सेक्रेटरीसारखा बोलतो म्हणून बायको पुन्हा चिठ्ठी टाकील. मुख्य गोष्ट अशी, की एके दिवशी लिफ्ट चालली. निधीच्या बाई सामाजिक परिणामाचा अहवाल लिहायला मुद्दाम आल्या. आईने ठेवणीतली शाल घेतली. लिफ्टचा दरवाजा मिटला तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला, की माझे घड्याळ थांबले.

खाली दरवाजा उघडला. सगळे टाळ्या वाजवत होते. आई बाहेर आली आणि एकेकाचे तोंड बघत उभी राहिली. दंतवैद्यांना म्हणाली, "अगंबाई, तुम्हाला मिशी आहे होय!" पोस्टमनच्या तर गालाला हात लावून आली. मग तिने इकडेतिकडे पाहिले. "भावोजी कुठे?"

"वहिनी!" आरोळी थेट आभाळातून आली. सगळ्यांनी माना वर केल्या. हरकतकाका आमच्या गॅलरीत उभे होते. सरकारच्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून आईला स्वतः जिन्यावरून हाताला धरून आणायला ते चार मजले चढून गेले होते, आणि तोवर आम्ही उतरलो होतो. "वहिनी, कुंडी खरंच गळतेय! मी डोळ्यांनी बघतोय! आणि तुमचा भांग सगळा पांढरा झालाय!"

"आणि तुम्ही दाढी करत नाही, भावोजी!" आई मान वर करून ओरडली. "दोन वर्षांत मला पत्ता नाही! उतरा खाली!"

ते उतरले. जिन्यानेच. वेळ लागला. कोणी हलले नाही, निधीच्या बाईंनी पेन धरलेला हातही हलवला नाही. शेवटी काका धापा टाकत आईसमोर येऊन उभे राहिले, आणि समोरासमोर आल्यावर दोघांनाही एक शब्द सुचेना. काका फरशीकडे बघत होते. आईने त्यांना नीट न्याहाळले.

"बारीक झालात हो," ती म्हणाली. "वरून कळत नव्हतं मला."

काकांनी डोळे पुसले, आणि मग बहुधा लाज वाटून म्हणाले, की हे पाणी कुंडीचे आहे. आई म्हणाली, साफ खोटं. कोणीतरी दोन खुर्च्या आणल्या आणि दोघांचे सुरू झाले.

मला इतका आनंद झाला, की सगळ्यांना चहा हवा हे बायकोला सांगायला मी धावतच सुटलो. तिसऱ्या मजल्यावर दम लागून थांबलो, तेव्हा शेजारून लिफ्ट वर गेली. आत बायको होती, आणि तिने मला बघून हात केला.